न विसरलेली तार

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

पत्रास कारण की, परवा रविवारी मी तुला क्षमा केली. तुला माहीत असावं म्हणून कळवते. उत्तराची गरज नाही.

नऊ वर्षं मी प्रभूच्या प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो’ या वाक्याला गप्प बसते. जे करत नाही ते देवासमोर कशाला म्हणा? पण नवे पाळकसाहेब तिखट कानाचे. गीतांची चाळीस पुस्तकं बांधणीला घेऊन दुकानात आले आणि खळीच्या भांड्याशी उभे राहून म्हणाले, की क्षमा केल्याशिवाय मनाला शांती मिळायची नाही, कुणापासून सुरुवात करायची ते ठरवा. मी तुला निवडलं. शांती अजून आलेली नाही, पण आज मंगळवारच आहे.

गुडघा कसा आहे? भावजयीला आशीर्वाद.

तुझी (आता पूर्ववत),
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्षमा पोचली, आभारी आहे. कशाबद्दल केलीस तेही लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. आम्ही नवरा-बायकोने बसून आठवून पाहिलं. बायकोला जास्त आठवलं.

तुझ्या दाबयंत्राचा दांडा मांजराने मोडला नव्हता. तसा तो मांजराला मोडणं शक्यही नव्हतं, पण तू विश्वास ठेवलास. आणि तू भिंती हलतील इतकी घोरतेस, हे तुला बघायला आलेल्या त्या शिक्षकाला मीच सांगितलं. यातलं कुठलंही असो, दुसरंही त्याच क्षमेत बसवून घे.

चष्म्याचं दुकान ठीक. दिवसभर लोकांची नजर तपासतो आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून गावभर शोधतो. गुडघा आहे तिथेच आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

ता. १६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

यातलं मला एकही माहीत नव्हतं. मांजराला मी दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. शिक्षकाचा नकार मी माझ्या उंचीवर घेतला होता. दोन्हींची क्षमा केली. शिक्षकासाठी दोनदा गुडघे टेकावे लागले.

मी म्हणत होते ती तार. आई अत्यवस्थ असल्याची तुझी तार पोचली तोवर ती गेलेली होती. मी आले तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. तू विसरलास. धावपळीत माणूस विसरतो, त्यातून तू असा वेंधळा. झालं गेलं. काल ते वाक्य इतक्या मोठ्याने म्हटलं, की पुढच्या बाकावरचे वळून बघायला लागले. आणि खरं सांगते, दुपारी शांत झोप लागली. नऊ वर्षांनी.

आता खरोखर तुझी,
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारदा फाडलं. तुझी झोप मोडू नये असं वाटत होतं. पण तू ज्याची क्षमा केलीस ते मी केलेलंच नाही. मी विसरलो नव्हतो.

तारेचा मजकूर पाच दिवस माझ्या खिशात होता. डॉक्टर म्हणायचे, ही कशावर टिकून आहे तेच समजत नाही. मला समजत होतं. रोज सकाळी आई विचारायची, ताई आली का. मी सांगायचो, निघाली आहे, उद्या पोचेल. ती तुझ्यासाठी थांबली होती. तू दारात दिसलीस की ती जाणार, असं मला वाटलं. म्हणून तुला बोलावलंच नाही. सहाव्या दिवशी तिने विचारलं नाही, तेव्हा धावत जाऊन तार केली.

क्षमा मागायला तोंड नाही. पण वेंधळेपणाची क्षमा घेऊन गप्प बसवेना.

धाकटा

ता. १२ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, तूर्त अर्धे.

पाळकसाहेबांना सांगितलं, की आधीची क्षमा चुकीच्या गुन्ह्याला लागली, आता पहिल्यापासून. ते बराच वेळ खळ ढवळत बसले.

सहा रविवार मी पुन्हा गप्प होते. झोप गेली. एका पुस्तकाची पानं उलटी शिवली. मला तिचा हात धरायचा होता रे. ती माझी वाट बघत होती आणि मी इथे लोकांच्या वह्यांना पुठ्ठे लावत होते. हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

पण परवा प्रार्थनेच्या मध्येच डोळ्यांसमोर आलं, की रोज सकाळी ती विचारायची तेव्हा तुझं तोंड कसं होत असेल. तुलाही आई सुटत नव्हती. मग ते वाक्य म्हटलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. पाळकसाहेब म्हणाले, चालतं.

मला तीन दिवस खोकला आहे. डॉक्टर म्हणतात साधा आहे, आठवड्यात जाईल. तरी वेळेवर कळवते आहे. येऊन जा.

तुझी वाट बघणारी,
ताई