कन्यादानाला कोण बसणार

॥ श्री ॥

प्रकाशा,
ता. ११ जानेवारी १९३२

ती. सौ. जिजीच्या सेवेशी, धाकट्या दाखूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्याकडची खुशाली तू लिहीत नाहीस, म्हणून ती मला आपल्या किशनभाऊच्या तोंडून ऐकावी लागते. संक्रांतीचे लाडू वाहरू गाडीवानाबरोबर पाठवले आहेत. डब्याच्या तळाशी एक पुस्तक आहे. त्याला तेल लागलं असलं तर रागावू नकोस.

पुस्तक लहानसंच आहे, ऐंशी पानांचं. भाऊने धुळ्याहून आणलं. वरचं पान फाटलंय, त्यामुळे त्याचं नाव कळत नाही. एका हावऱ्या शेटची गोष्ट आहे. नदीकाठच्या गावाला पूर येतो आणि बायका आपली तांब्यापितळेची भांडी शेटच्या उंचावरच्या घरी ठेवायला नेतात. पाणी ओसरल्यावर परत न्यायला जातात, तर शेट म्हणतो की थांबा, जरा चिखल वाळू द्या. आणि मागच्या खोलीत कारागीर बसवून सगळ्या भांड्यांवर आपल्या मेलेल्या आईचं नाव घालून घेतो! पूर वाचताना मला आपल्या घाटावरचं पाणीच दिसत होतं. वाचण्याच्या नादात वांग्याची भाजी करपली आणि घरच्यांनी ती काही न बोलता खाल्ली, यावरून किती करपली असेल ते समज.

तू वाच, आणि रमिलालाही दे. ती मोठ्याने फार छान वाचते असं भाऊ सांगत होता. त्याच्याकडूनच कळलं की नंदुरबारचं स्थळ पक्कं झालं आणि लग्न आखाजीला, अक्षय्य तृतीयेला आहे. आनंद झाला, पण तो असा तिसऱ्याकडून कळावा याचं वाईट वाटलं. कन्यादानाला कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही, असंही तो म्हणाला. ते ठरवावं लागतं हे मला नवीनच. ज्यांनी जन्म दिला त्यांनी बसायचं, एवढंच मला ठाऊक.

जीजाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी
दाखू

॥ श्री ॥

तळोदा,
ता. २४ जानेवारी १९३२

चि. सौ. दाखूस, सायरचे अ. उ. आशीर्वाद.

लाडू पोचले. पाक जरा पुढे गेलाय, दात सांभाळून खातो आहोत. पुस्तकही पोचलं.

दुपारी मी गहू निवडायची आणि रमिला वाचायची. पहिले दोन दिवस आम्ही पोट धरून हसलो. शेट बायकांना म्हणतो की नाव दाखवा आणि भांडं न्या, तिथे ती वाचता वाचता थांबली. म्हणाली की माय, या बायका वेड्याच दिसतात, आपला हंडा कुठे चेपलाय ते बाईला ठाऊक नसतं का, त्याला नाव कशाला लागतं. मी सुपातल्या गव्हाकडे पाहत राहिले. तिच्या डाव्या टाचेवरचा डाग माझ्याआधी तू पाहिलेला आहेस. तिसऱ्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून पुस्तक बंद करायला लावलं.

दाखू, मी दुधखुळी नाही. लाडवांखाली घालून तू मला काय पाठवलंस ते कळलं मला. शेट म्हणजे मी, आणि हंडा म्हणजे रमिला.

मग आता माझंही ऐकून घे. मानमोडीच्या तापाच्या साली तू आणि तुझे यजमान एका खोलीत शुद्ध हरपून पडला होतात. तुझ्या सासूबाई आदल्याच दिवशी गेल्या होत्या. चौदा महिन्यांची पोर उंबऱ्यात बसून माती खात होती. त्या दिवसांत सख्खे लोक दारावरून जात नव्हते, तेव्हा मी दमणी गाडी जोडून आले आणि तिला उचलून आणलं. शेळीच्या दुधावर जगवली. तापी म्हणून हाक मारली की ती दाराकडे बघून रडायची, म्हणून मी रमिला म्हणायला लागले. नाव बदललं ते लपवायला नव्हे. पुढे शाळेत ह्यांचं नाव बाप म्हणून लागलं, ते मात्र मी लावू दिलं. तिला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून ती त्या पुस्तकाला हसू शकते.

आमच्या घरात पाळणा हलला नाही. आमच्यामागे पाणी द्यायलाही कोणी नाही. कन्यादानाचं पुण्य तरी पदरात पडावं, एवढी एकच गोष्ट हे धरून बसले आहेत, आणि मीही. तुला ती हाव वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

आशीर्वाद आहेतच, ते भांडणाने कमी होत नाहीत.

सायर

॥ श्री ॥

प्रकाशा,
ता. ६ फेब्रुवारी १९३२

ती. सौ. जिजीस दाखूचा शि. सा. न.

पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा माझ्या मनात तसं काही नव्हतं, असं लिहिलं होतं. तो कागद चुलीत घातला. मनात होतं. शेट नावं घालून घेतो ते पान वाचलं त्याच दिवशी ठरवलं की हे जिजीला पाठवायचं.

तू तिला जगवलंस. तू आली नसतीस तर ती नसती, हे मी रोज देवापुढे म्हणते. पण मी न्यायला आले नव्हते का? बरी झाल्यावर होळीला आले, तू म्हणालीस ऊन लागेल. पुढच्या वर्षी आले, म्हणालीस गोवर नुकताच उतरलाय. त्याच्या पुढच्या वर्षी आले तेव्हा ती तुझ्या पदराआड लपली आणि मला मासी म्हणाली. तू म्हणालीस, आता तोडू नकोस. शेटही बायकांना असंच थांबवत होता.

मी घाटावर धुणं धुवायला जाते तेव्हा एक म्हातारी मला दर वेळी विचारते की पोर तुन्ही शे, मंग तू मांगत का नही. मी मान खाली घालून धुणं आपटते. आता नाही घालणार. मला दोन मुलगे आहेत, मुलगी तेवढी एकच. कन्यादानाला आम्ही बसणार. आणि लग्नाआधी तिला सगळं कळलं पाहिजे. तू सांगणार नसशील तर मी येऊन सांगते.

राग धरलास तरी पत्र बंद करू नये.

दाखू

॥ श्री ॥

तळोदा,
ता. २१ फेब्रुवारी १९३२

चि. सौ. दाखूस आशीर्वाद.

सांगितलं तिला. अंगणात पापड लाटत होतो, तेव्हाच सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही. पापड इतका पातळ होत गेला की पोळपाट दिसायला लागला. मग विचारलं की त्यांनी मला परत मागितलं होतं का. मी खरं ते सांगितलं: तीन वर्षं मागितलं. तिने विचारलं, आणि मग? मी म्हटलं, मग नाही. का नाही, म्हणाली. त्याचं उत्तर तू दे.

रडली नाही, आदळआपट केली नाही. माझ्याशी नीट वागते, पण विचारून वागते. परवा डब्यातली शेव घेऊ का म्हणून मला विचारलं. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं गं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

उरलेलं पुस्तक मी एकटीने पुरं केलं. शेवटी शेटला वेड लागतं आणि तो रिकाम्या घरात भांडी वाजवत बसतो. ते मला पटलं नाही. लिहिणाऱ्याने कधी दुसऱ्याचं काही ठेवून घेतलेलं दिसत नाही. मला वेड लागलं नाही, दाखू. तेरा वर्षं मला छान झोप लागली. सणाला तिला नवा परकर शिवताना मी गाणी म्हटली. तुझी आठवण यायची, पण ती पोरीला सर्दी झाल्यासारखी, दोन दिवसांत बरी होणारी. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते, कारण तेच खरं आहे.

कन्यादानाला तुम्ही बसा. मी ह्यांना सांगितलं. ते पागोटं घालून दुकानात गेले आणि दुपारी जेवायला आले नाहीत.

सायर

॥ श्री ॥

प्रकाशा,
ता. ८ मार्च १९३२

ती. सौ. जिजीस दाखूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रमिलाला जसंच्या तसं वाचून दाखव. मध्ये गाळू नकोस, मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी पुस्तक आठवत बसले. त्यात एक म्हातारी आहे, तुझ्या ध्यानात आली का? तिची घागर शेटच्या घरी असते, पण ती मागायला जातच नाही, कारण शेट तिला रोज तांब्याभर ताक पाठवतो. लिहिणाऱ्याने तिच्यावर चार ओळी खर्च केल्या आहेत, जास्त नाही. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ओळींवरून तशीच पुढे गेले. शेटचा राग करण्यात मी इतकी गुंतले होते.

तिसऱ्या वर्षी ह्यांचं दुकान बंद पडलं. त्या दिवाळीला तुझी गाडी आली. तूप, मध, चारोळी, मुलांना कापड. पुढच्या दिवाळीला पुन्हा आली. तू त्याबदली काही मागितलं नाहीस, हे मी तुझ्यासाठी शपथेवर सांगेन. पण गाडी दारात उभी असताना पोर परत दे असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मनात म्हणायची, ती तिथे सुखात आहे, आणि इकडे मुलांच्या भातावर तूप आहे. पुढे पुढे दिवाळी जवळ आली की मी गाडीची वाट पाहायला लागले. पोरीची नव्हे, गाडीची. तिच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. दुसरं चांगलं उत्तर मी खूप शोधलं, मिळालं नाही.

आता पाटावर बसून तिचा हात दुसऱ्याच्या हातात देणं माझ्याने व्हायचं नाही. तुम्हीच बसा. जीजाजींना सांग की दाखूने हात जोडून सांगितलं आहे.

मुलीला काय लिहू? तिला आशीर्वाद, ती घेईल तर.

दाखू

॥ श्री ॥

शहादे,
ता. ३ एप्रिल १९३२

ती. माय व ती. मासी यांच्या सेवेशी, रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

किशनमामा मला लग्नापर्यंत इथे घेऊन आले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. हे पत्र मी दोन कागदांवर सारखंच लिहिलं आहे, एक तळोद्याला आणि एक प्रकाशाला. कुणाला एक ओळही जास्त नाही. मामीकडून ताडून घेतलं.

आधी तुम्ही दोघी मी बसणार, मी बसणार म्हणत होतात. आता तू बस, तू बस चाललं आहे. कुणी बसलं तरी माझ्या मनात दुसरीचं येत राहणार. म्हणून मी मामांच्या पाया पडून सांगितलं की तुम्ही आणि मामींनी बसावं. मामा आधी ओरडले, आणि मग हो म्हणाले. लग्न इथेच, त्यांच्या दारात होईल.

मला राग आलेला नाही असं लिहिणार होते. आला आहे. पण लग्नाच्या आधी तो कागदावर उतरवू नये असं मामी म्हणते. मासी, तुझ्या दोन्ही मुलांना घेऊन ये, मी त्यांना भाऊ म्हणून अजून पाहिलंच नाही. माय, येताना तुझं कैरीचं लोणचं आण, मामीच्या लोणच्यात मोहरी फार असते. बापूंना म्हणावं, वेळेवर जेवत जा.

दोघींनी यावं. लवकर यावं, म्हणजे एकमेकींशी बोलायला वेळ मिळेल.

रमिला

॥ श्री ॥

प्रकाशा,
ता. १६ मे १९३२

ती. सौ. जिजीच्या सेवेशी, दाखूचा शि. सा. न. वि. वि.

घरी येऊन पाच दिवस झाले. मुलं ताईने दिलेले रुमाल धुवायलासुद्धा काढू देत नाहीत. तिला आता ताई म्हणतात, कुणी शिकवलं नाही. जीजाजींची तब्येत कशी आहे? मांडवात ते आणि आमचे हे एकाच बाकावर बसून सुपारी कातरत होते. दोघांनी मिळून पन्नास माणसांना पुरेल एवढी कातरली.

भाऊने तिचा हात दिला तेव्हा तू माझं मनगट धरलंस. किती घट्ट धरलंस ते तुला कळलं नसेल. आपण दोघी पाहुण्यांत बसलो होतो, मी तुझ्यापेक्षा जरा मागे. अशीच जागा मी मुद्दाम घेतली होती. तिने वर मान करून पाहिलं, आधी तुझ्याकडे पाहिलं. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, जिजी, त्यावर विश्वास ठेव.

पण त्यानंतरचं लिहायचं आहे. नंदुरबारकडची एक म्हातारी हातात साखरेची वाटी घेऊन बायकांतून फिरत होती. आपल्यापाशी आली आणि विचारू लागली की पोरनी माय कोन शे, तिन्हं तोंड गोड करनं शे. तू खाली पाहिलंस.

मी घरून ठरवून आले होते. कुणी विचारलं तर तुझ्याकडे बोट दाखवायचं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वाटेत गाडीत मी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं होतं. इतकं सोपं होतं. वाटी पुढे आली, मी तोंड उघडलं, आणि तुझं नाव माझ्या तोंडून बाहेर पडेना. सगळं सोडून दिलं होतं गं मी, आणि एवढंच सुटेना.

तूही बोलली नाहीस. म्हातारी थोडी थांबली, आणि वाटी घेऊन दुसऱ्या बायकांकडे गेली.

दोन ओळी तरी लिहाव्यात, ही विनंती.

तुझी
दाखू