हात पाठीमागे

गिरगाव, मुंबई
ता. २ मे १९३३

चि. कमल हीस गोपूदादाचे अ. उ. आ. वि. वि.

बोटीने माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते समुद्राला द्यायला लावलं, तेवढं सोडलं तर प्रवास छान झाला. इंटरची परीक्षा संपल्यावर मी आपला घरी लोळत आंबे खाणार होतो. पण आपल्या बागेचा माल पुढे कुणाच्या तोंडी जातो हे कॉलेजात जाणाऱ्याने बघावं, असं अण्णांच्या मनाने घेतलं नि त्यांनी मला हरिश्चंद्रशेटांच्या पेढीवर धाडलं. सकाळी धक्क्यावरून करंड्या आल्या की उघडायच्या, कच्चा कुठला नि पाडाला आलेला कुठला ते बघायचं, आणि पिकायला पेंढ्यात निरनिराळ्या अढ्या लावायच्या. अंगाला असा वास लागलाय की ट्राममध्ये शेजारचा माणूस माझ्याकडे बघून ओठ चाटतो.

इथल्या गिऱ्हाइकांना मात्र काडीचं वळण नाही. येतो तो अंगठ्याने आंबा दाबतो. आपल्याकडे अढीच्या खोलीत शिरताना अण्णा हात पाठीमागे बांधायला लावतात. वाकून नुसता वास घ्यायचा, आंब्याला हात लावणार तो अढी लावणाराच. तोच नियम मी पेढीवर सुरू केलाय. शेट हसतात, पण गिऱ्हाईक ऐकतं.

संध्याकाळी चौपाटीवर जातो. काल एक बोलपट पाहिला. नटीचं तोंड आधी हलायचं नि गाणं मागाहून यायचं. हे अण्णांना वाचून दाखवू नकोस. इराण्याकडे चहा प्यायलो, हे तर आत्याला मुळीच नको.

सर्वांना नमस्कार सांग. माझ्यावरचा लोभ ठेव, आणि राग असेल तर तो मी घरी येईपर्यंत ठेव.

तुझा
गोपू

---

रत्नागिरी
ता. ६ मे १९३३

ती. गोपूदादास कमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पडवीत मोठ्याने वाचलं, बोलपट आणि इराणी गाळून. गाळताना अडखळले तेव्हा आत्याने डोळे बारीक केले. मी म्हटलं दादाचं अक्षर वाईट आहे. ते खोटंही नाही.

आता मुद्द्याचं. देवरूखला मालूताईच्या सासरी गेले होते, तिथे शाळेतले एक मास्तर, वासुदेवराव बिवलकर, मला बघायला आले. स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. हल्ली काय वाचता असं विचारलं, आणि पुढे शिकायचं असेल तर लग्नानंतर मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या परीक्षेला बसता येईल, असं ताईच्या देखत म्हणाले. दादा, मला हे स्थळ मनापासून हवंय. मुलीने असं लिहू नये हे ठाऊक आहे, पण तुला नाही लिहिणार तर कुणाला?

त्यांच्याकडे शेवटचा शब्द वडिलांचा. राजाभाऊ त्यांचं नाव. मुंबईला एका कचेरीत हेडक्लार्क होते, आता पेन्शनीत तिथेच राहतात, आणि माणूस भारी कडक. मागे गुहागरकडची एक मुलगी त्यांनी नाकारली ती एवढ्याचसाठी, की तिचा भाऊ त्यांच्यासमोर मांडीवर मांडी टाकून बसला. आता ते तुला बघायला पेढीवर येणार आहेत, ओळख न देता. वासुदेवरावांनीच ताईच्या कानावर घातलं. काळा बंद गळ्याचा कोट, तांबडी पगडी आणि हरणाच्या शिंगाच्या मुठीची छत्री, अशी त्यांची खूण आहे. जीभ सांभाळ. हे फिसकटलं तर आत्याने आणलेलं हेदवीच्या बिजवराचं स्थळ तयारच आहे, नि त्या बिजवराचा थोरला मुलगा माझ्या खांद्याला लागतो.

घरी सगळे खुशाल. लोभ आहेच, पण या खेपेला तो तुझ्या वागण्यावर टांगलेला आहे असं समज.

तुझी
कमल

---

मुंबई
ता. ९ मे १९३३

चि. कमल हीस अ. उ. आ.

तुझं पत्र संध्याकाळी बिऱ्हाडी मिळालं. ते सकाळी मिळायला हवं होतं गो.

सकाळी ऐन गर्दीत काळा कोट नि तांबडी पगडी घातलेले एक गृहस्थ पेढीवर आले. छत्रीची मूठ शिंगाची होती हे आता आठवतंय. त्यांनी नेमकी आपल्याच बागेची अढी हेरली, आणि एकामागून एक आंबा अंगठ्याने दाबायला लागले. मी दोनदा गोडीने सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातला आंबा काढून घेतला नि सांगितलं की आजोबा, गळा दाबून आंबा पिकत नसतो; तुम्ही दाबलेला उद्या काळा पडेल नि भलत्याच्या पानात जाईल; घ्यायचा असेल तर हात पाठीमागे घ्या नि वाकून वास घ्या, नाहीतर छत्री उचला. सगळा बाजार बघत होता. त्यातही आजोबा म्हटलेलं जास्त लागलं असावं.

त्यांनी माझ्याकडे नीट न्याहाळून पाहिलं आणि नाव विचारलं. मी छाती काढून माझं नाव, अण्णांचं नाव, आडनाव, रत्नागिरी, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. ते काही न घेता निघून गेले.

आज जेवण गेलं नाही. मला तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय. काय करू ते कळव, सांगशील ते करीन.

गोपू

---

रत्नागिरी
ता. १२ मे १९३३

ती. गोपूदादास शि. सा. न.

नमस्कार केला तो रीत म्हणून.

तुझं पत्र घेऊन अढीच्या खोलीत जाऊन रडले. आपली कामाची सगुणा तिथे पेंढा पसरत होती. मी तिला सांगितलं की डोळ्यात कुसळ गेलं, तर तिने विचारलं की दोन्ही डोळ्यांत कसं गेलं.

तू त्यांच्या घरी जा. आपल्या बागेची करंडी ने, पाया पड, माफी माग. पत्ता ताईने आधीच दिला होता, तो सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. आंबा दाबू दिला नाहीस हे चुकलं, असं काही मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतोय.

लोभाचं तू परत आल्यावर बघू.

कमल

---

मुंबई
ता. १७ मे १९३३

चि. कमल हीस अ. उ. आ.

गेलो होतो. धुतलेलं धोतर, टोपी, डोक्यावर करंडी. राजाभाऊ झोपाळ्यावर बसले होते. पाया पडलो, उभाच राहिलो, बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं की आंब्याबद्दलही मागतोस का. कमल, तिथे मी हो म्हणायला हवं होतं. तुझा चेहरा डोळ्यांसमोर होता, तरी तोंडातून निघालं की नाही, आंब्याबद्दल नाही.

त्यांनी करंडी आत ठेवायला सांगितली. मग म्हणाले की पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत ते रत्नागिरीला येतील, सांगायचं ते अण्णांनाच सांगतील. मला चहा दिला. त्यात साखर होती, एवढंच काय ते शुभचिन्ह.

तू अण्णांना सगळं सांगून टाक. दोष माझ्या माथी घाल, तो तिथलाच आहे. तुझं नुकसान माझ्या जिभेने झालं तर मी जन्मभर आंब्याला शिवणार नाही. जमलं तर थोडा लोभ उधार दे.

गोपू

---

रत्नागिरी
ता. २५ मे १९३३

ती. गोपूदादास शि. सा. न. वि. वि. आणि आणखी एक नमस्कार, मागच्या खेपेचा राहिलेला.

राजाभाऊ परवाच्या बोटीने आले. वासुदेवराव देवरूखहून आले. अण्णांना मी आधीच सगळं सांगितलं होतं. ते तुझ्यावर खूप तापले, मग विचारलं की आंबा नक्की आपल्याच बागेचा होता ना, आणि सुपारी कातरायला लागले.

चहापोहे झाले. राजाभाऊंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. एकदम उठले नि म्हणाले की अढी बघायची आहे. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हेदवीची गाडी दारातच उभी आहे. सगळे खोलीच्या दाराशी जमले. राजाभाऊंनी छत्री मुलाकडे दिली, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि पगडी पडेल की काय इतकं वाकून वास घेत घेत सबंध अढी पाहिली. एका आंब्याशी थांबले नि हा पिकला का, असं मलाच विचारलं. पिकला होता.

मग कंबर धरून सरळ झाले आणि अण्णांना म्हणाले की सबंध नोकरीत त्यांना कुणी हात मागे घे म्हणून सांगितलं नव्हतं, त्याचा राग त्यांना पुष्कळ दिवस पुरला. पण ज्या पोराने आंब्याला बोट लावू दिलं नाही, त्याच्या बहिणीला बोट लावायची आमच्या घरात कुणाची छाती आहे, असंही म्हणाले. नंतर मुलगी पसंत आहे म्हणाले. त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. ट्रेनिंगच्या परीक्षेचंही कबूल झालं, असं आत्याने मागाहून सांगितलं, आणि सांगताना तीच डोळे पुसत होती.

तुळशीचं लग्न झालं की माझं. तू शेवटच्या बोटीने ये, नाहीतर कॉलेज उघडेपर्यंत इराण्याचाच चहा पीत बसशील. लोभ पूर्वीपेक्षा जास्तच आहे, तो फार मिरवू नकोस.

तुझी
कमल

ता. क. एक गोष्ट फक्त तुला सांगते. तो आंबा राजाभाऊंना काढून दे, असं अण्णांनी मला सांगितलं. आनंदाच्या भरात मी तो असा घट्ट धरला की त्यांच्या हाती देईपर्यंत माझाच अंगठा त्यात रुतला. आपल्या घरात, अढीच्या खोलीत, अण्णांच्या देखत. राजाभाऊंनी तो खळगा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आंबा असा फिरवून धरला की खळगा त्यांच्या तळव्याखाली गेला. कुणालाही दिसला नाही.