पत्र्यावर फेकलेले दात

नाना,

दवाखाना अजून तिथेच आहे. खाली सायकलवाला होता तिथे आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो, पण जिना तोच आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्याही त्याच. त्यात तुझ्या किती नि परक्यांच्या किती, देव जाणे. मी समोर चहाच्या गाडीवर बसलोय. आत जायचंय. बरेच दिवस झाले, तिखट खाल्लं की तोंडात आग होते, डाव्या गालाला आतून पांढरं काहीतरी धरलंय, आणि हे असं सुरू होऊन पुढे कुठे जातं ते मी एकदा घरात पाहिलेलं आहे. दातांच्या डॉक्टर त्याच, त्या गुजराती बाई. वर खिडकीत त्यांचा दिवा लागलेला दिसतो. चहा संपला की जातो, तोवर लिहितो. शाळेत सर सांगायचे, वडिलांना पत्रात तुम्ही लिहावं. आपल्या घरात अहिराणीत सगळ्यांना तूच चालायचं, म्हणून इथेही तूच. शाळा काही फार टिकली नाही माझी, तुला माहीतच आहे. म्हणजे तुला नाहीच माहीत, ते तुझ्यानंतरचं.

तर सुळा. मी तेरा वर्षांचा झालो तरी माझा वरचा डावा सुळा आला नव्हता. त्या जागी दुधाचा दात अडकून बसलेला, बारका, पिवळट, भाड्याची खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा. वर्गातली पोरं मला उंदीर म्हणायची. तू कापडाच्या लूमवर बारा तास उभा राहायचास, घरी यायचास तेव्हा कानात खटखट भरलेली, म्हणून आपण सगळेच ओरडून बोलायचो आणि शेजारची बिहारी भाभी विचारायची की यांच्याकडे रोज भांडण कसलं. तुझे स्वतःचे दात तंबाखू-सुपारीच्या माव्याने लाल-काळे झालेले. पण माझ्या दाताचं तुझ्या डोक्यात बसलं. ट्रस्टचा हा दवाखाना तूच शोधून काढलास. बाईंनी तार बसवली, आजूबाजूचे दात सरकवून जागा केली. जागा झाली, दात येईना. रोज ड्यूटीवर जायच्या आधी तू मला दारात उभं करतोस, मोबाईलची बॅटरी लावतोस, तेलाचा वास येणाऱ्या अंगठ्याने ओठ वर करतोस आणि दात आला का बघत विचारतोस, "उना का रे?" मी तोंड उघडं ठेवूनच म्हणतो, "नही उना." माय आतून ओरडते, "त्या पोरनं तोंड शे का दुकाननं शटर?"

मग तो मोठा फोटो काढला, अख्ख्या जबड्याचा. बाईंनी तो उजेडासमोर धरला. दुधाच्या दाताच्या वर मूठभर दाणे दिसत होते, ज्वारी सांडावी तसे, आणि त्यांच्याही वर माझा खरा सुळा आडवा झोपलेला. बाई म्हणाल्या, गाठ आहे. त्यांना पुढे बरंच सांगायचं होतं, पण तू तिथेच खाली बसलास. खुर्ची मागे होती तरी जमिनीवर. आपल्या गल्लीत गाठ म्हटलं की एकच अर्थ, समोरच्या खोलीतला, लूमसाठी ताणा भरणारा वॉर्पिंगवाला त्यातच गेला होता. बाईंनी तुला उठवलं, पाणी दिलं, मोडक्या हिंदीत समजावलं की ही साधी गाठ, कॅन्सर नाही. अंगाने दात बनवताना गोंधळ घातला, एकाच्या जागी बारीक बारीक पुष्कळ बनवून ठेवले आणि त्यांनी खऱ्या दाताची वाट अडवली. काढली की झालं. तू तीनदा विचारलंस, "कॅन्सर नही ना?" तीनदा त्या नाही म्हणाल्या. मला भीती वाटली नव्हती. मला आठवतंय, मी टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उघडून बघत होतो.

दाणे काढले तेव्हा बाईंनी थोडे तपासायला पाठवले आणि उरलेले बारक्या बाटलीत घालून तुला दिले. खरंच दात होते ते. तांदळाएवढे, काहींना टोकसुद्धा. तुझं म्हणणं पडलं की दात म्हणजे दात, पडलेला दात छपरावर टाकायचाच. पण आपल्या डोक्यावर छप्पर कुठे, वर दुसऱ्यांची खोली. मग पाळी बदलायच्या वेळी तू मला कारखान्यात नेलंस, मागच्या गल्लीत, जिथे शेडचा पत्रा खाली उतरतो. माझा गाल टम्म सुजलेला. तू एकेक दाणा माझ्या हातावर ठेवतोस, मी फेकतो. आत लूम चालू, पत्र्यावर पडल्याचा आवाज एकाचाही आला नाही. तुझा जोडीदार बिडी ओढत उभा होता, तो म्हणाला, "काय नाना, पोराच्या तोंडात ज्वारी पेरली होती का? कापणीला आम्हाला बोलवायचं ना!" तू हसलास. हात तोंडावर धरून हसलास, आणि मला तेव्हा वाटलं तू लाजतोस. तुझं तोंड तेव्हाच पुरतं उघडत नव्हतं.

ते बाईंनी पाहिलं. टाके काढायला गेलो तेव्हा माझं झाल्यावर त्या तुला म्हणाल्या, "काका, हवे तमारुं मोढुं खोलो." आता तुमचं तोंड उघडा. तू माझ्याकडे बोट करून म्हणालास, "मारुं शुं जोवानुं? पेशंट तो आ छे." त्यांनी ऐकलं नाही. तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा म्हणाल्या, चांगल्या तोंडात तेवढी मावतात. तुझी दोन गेली, तीही दाबून. मग हळू आवाजात त्यांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, आजच जा म्हणाल्या. जिना उतरताना तू अंगठ्याने प्लास्टिकमधला मावा चोळत होतास. मी विचारलं, जाणार का? तू म्हणालास, "आधी पोरनं व्हऊ दे." मी तिथेच उभा होतो आणि तू माझ्याबद्दल असं बोललास, जसं मी दुसऱ्याच कुणाचा.

माझं व्हायला वर्ष लागलं. आडव्या सुळ्याला बारीक साखळी चिकटवली होती, ती तारेला बांधून बाई त्याला दर महिन्याला थोडा खाली ओढायच्या. तुझी बॅटरी रोज चालू. एक दिवस हिरडीतून टोक दिसलं. तुला ओरडायचं होतं, "उना! उना!" पण आवाज ओठांतून बाहेर पडेना, कारण तोवर एक बोटही आत जात नव्हतं. माय भाकरी कुस्करून वरणात पातळ करून द्यायची, तेही गालातून गळायचं. गालाला बाहेरून भोक पडलं तेव्हा कुठे तू मोठ्या दवाखान्यात गेलास. सुळा ओळीत येऊन उभा राहिला तेव्हा तू खाटेवर होतास, नाकात नळी. मी तोंड उघडून दाखवलं. तू बॅटरीसाठी उशाशी हात चाचपडलास. सापडली नाही. त्याच आठवड्यात गेलास.

तार काढायला मी गेलोच नाही. शाळा सुटली, मग चलथाणला साखर कारखान्यावर गाड्या खाली करायला लागलो, तिथे एका फिटरकडून पक्कड घेऊन तारा स्वतःच उपटल्या. रक्त आलं, फिटर म्हणाला, "अरे, बैल शे का तू?" तिथून इच्छापोर, तिथून हजीरा, ठेकेदार बदलेल तसा मी बदलत गेलो. हजीऱ्याला रात्रपाळीत समोर समुद्र असतो, पण दिसत नाही, नुसता वास. हे कशाला सांगतोय? हां, रात्रपाळी. डोळे मिटू नयेत म्हणून तूही मावा त्यातच सुरू केला होतास ना? तार काढल्यावर रात्री लावायची प्लेट असते, दात जागेवर धरून ठेवणारी, ती मला मिळायची राहिली. सुळा परत वळला. आता वाकडा उभा आहे, जीभ लागते त्याला.

बाईंचा पोऱ्या मघाशी खाली येऊन विचारून गेला, "अंकल, ऊपर आना है क्या?" चोवीस वर्षांच्या माणसाला अंकल. मी म्हटलं, आता हूं. बाई मला ओळखतील का, की तोंड उघडल्यावर सुळा ओळखतील? मघाशी गाडीच्या आडोशाला बोटं घालून पाहिली. दोन गेली. तिसरं दारातच अडलं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, मायला येतं, आणि तिने वाचलं तर ती आजच इथे येऊन बसेल. घडी करून खिशात ठेवतो. चहा केव्हाच संपला, नाना. आत जायच्या आधी मावा थुंकायचा, एवढ्यासाठीच थांबलो होतो. एवढं सगळं लिहून झालं, तो अजून गालातच आहे.