बासष्ट पावलांचं बन

२३ ऑक्टोबर २०१८, बोरमाळ

पोचले एकदाची! शिरूर कासारहून काळीपिवळी जीपमध्ये, मांडीवर कॅमेऱ्यांची पेटी आणि पाठीला कुणाच्या तरी शेळीचं करडू टेकलेलं. मुक्काम गावच्या दूध संस्थेच्या बंद केंद्रात. दुष्काळात जनावरं विकली गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. खोलीत अजून आंबूस वास आहे, पण छप्पर शाबूत आहे आणि मला एवढं पुरे.

मी आले आणि गाव निघालं, अशी गंमत. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर भरून उभेच होते. मला जेवू घालणार त्या भिवराबाईंचा मुलगा आसाराम आणि सून छबूही त्यांतच. छबूला सातवा महिना. अशा अवस्थेत कशाला जातेस म्हणून मी उगाच रागावले, तर ती हसून म्हणाली, "कोयता जोडीनंच लागतो, म्याडम." ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. टपावर लाल मफलर गुंडाळलेला त्रिंबक नावाचा तोडकरी बसला होता. गाव मीच सोडतेय अशा थाटात तो मला हात हलवून निरोप देत होता. बायांच्या पदराची टोकं फाटलेली दिसली. मनात आलं, नवी लुगडी कुठून येणार बिचाऱ्यांना.

२४ ऑक्टोबर

धुळाजी नावाच्या मेंढपाळाबरोबर दिवसभर वणवण. पन्नास वर्षांपूर्वी हा माळ सलग होता. मग सामुदायिक शेतीच्या सोसायटीनं तो वाटून नांगरला. आज झाडझाडोऱ्याचे अकरा तुकडे उरलेत. कुठल्या तुकड्यात किती जीव टिकलेत, हे मला मोजायचंय. तुकडा जेवढा लहान तेवढे जीव कमी, हा आमचा नियम.

सात नंबरनं नियमाला चक्क वाकुल्या दाखवल्या! गावकरी त्याला नुसतं 'बन' म्हणतात. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत माझी बासष्ट पावलं. असल्या तुकड्याला आत असं काही नसतंच, सगळा काठच. तरी खोकड, घोरपड, सायाळ, सगळे तिथं हजर. बाकीच्या दहांत त्यांतलं एकही नाही. मला नाचावंसं वाटलं. धुळाजी मात्र बाहेरच थांबला. आत का येत नाही, "कावून?" असं त्याच्याच बोलीत विचारलं, तर म्हणाला, "तितं आमचं काम न्हाई." त्याच्या मेंढ्यासुद्धा आत आल्या नाहीत.

२५ ऑक्टोबर

बनाच्या काठच्या बोरींना कापडाच्या चिंध्या लटकत होत्या, वर प्लास्टिक. मोजणीआधी कचरा काढायचा ही आमची शिस्त, जनावरं गिळतात. चिंध्या त्रेचाळीस, पिशव्या बारा. वहीत नोंद केली. पिशव्या पोत्यात भरल्या आणि चिंध्या चुलीत घालून त्यावर चहा केला. हालचाल टिपणारा कॅमेरा बनाच्या मधोमध बांधला.

३० ऑक्टोबर

बनात आज एकही पक्षी नाही. घोरपडीचं बीळ रिकामं, सायाळीचा ताजा काटाही नाही. पाच दिवसांत? माझं काही चुकलं का? मोजणी पुन्हा केली. शून्य.

२ नोव्हेंबर

टोळीच्या राधाकिशन मुकादमाचा सांगलीकडून भिवराबाईंना फोन आला. काल भर दुपारी त्रिंबकनं उसाच्या फडात कोयता खाली ठेवला आणि घरी जातो म्हणत चालू लागला. अडवलं तर ऐकेना. त्याच्या मागोमाग दोन बायाही गेल्या. भिवराबाईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं की तुम्ही बनात जाता का. मी म्हटलं, रोजच. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

३ नोव्हेंबर

कॅमेऱ्याचं कार्ड पाहिलं. कालचा फोटो, दुपारी बारा दहा. लाल मफलर. त्रिंबक बाभळीखाली पाठमोरा उभा.

सांगली इथून तीनशे किलोमीटर आहे. तो परवा तिथं होता. एवढं अंतर कोण चालेल?

धावत गेले. कुणी नाही. पावलं काठावरून आत आलेली. बाहेर जाणारी नाहीत.

४ नोव्हेंबर

चिंध्यांचं भिवराबाईंना सांगितलं. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं.

माळ मोडल्यावर बनातून जनावरं जायला लागली, आणि बन माणसं ओढायला लागलं. म्हणून गाव सोडणारा प्रत्येकजण आपल्या अंगावरच्या कापडाची चिंधी काठच्या बोरीला स्वतःच्या हातानं बांधतो. "चिंधी बनाला सांगती, ह्यो हितंच हाय. मंग त्ये माणसाला बोलवत न्हाई, आन् जनावरंबी सोडून जात न्हाईत." परत आला की ज्याची त्यानं सोडायची.

म्हणजे ते फाटके पदर.

त्रेचाळीस माणसं. त्यांत छबू. मी त्यांच्यावर चहा केला.

भिवराबाईंनी मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, आता कसं करायचं.

५ नोव्हेंबर

छबूच्या ट्रंकेतलं जुनं लुगडं फाडून भिवराबाईंनी बोरीला चिंधी बांधली. तासाभरात गाठ सुटून चिंधी खाली पडली. पुन्हा बांधली, पुन्हा तेच. हात छबूचाच लागतो.

कार्डावर आता नऊजण. सगळे पाठमोरे. मी रडले.

६ नोव्हेंबर

फोन. आसारामचा. टोळीतले एकोणीसजण गेले. आसारामनं छबूचा हात दोरीनं आपल्या हाताला बांधलाय. तिला झोपेतही पाय हलवायची सवय लागलीय, म्हणाला.

धुळाजी मेंढ्या घेऊन गाव सोडून गेला. जाताना आपली चिंधी बांधून गेला.

७ नोव्हेंबर

दिवाळी. गावात तीन पणत्या.

दुपारी आसारामचा फोन. दोरी कापलेली. कोयत्यानं. छबू नाही—

त्रिंबक दुसऱ्या दिवशी बारा दहाला आला होता. म्हणजे उद्या.

८ नोव्हेंबर, सकाळ

ठरलं. तिच्या लुगड्याची चिंधी घेऊन मी आत जाणार. छबूला काठापर्यंत आणायचं, तिच्या हातानं गाठ मारून घ्यायची. भिवराबाई बाहेरून हाक मारत राहतील.

त्या म्हणतात, आधी तुमची चिंधी बांधा. तुम्ही इतके दिवस आतबाहेर केलंत, आता बनाला तुमची चटक लागलीय. बांधीन. भीती वाटते, फार. पण तिच्या पोटात एक आहे, आणि जाळलं मी.

दुपार

उभी होती. आतच उभी होती, मी पोचायच्या आधी. पळत शिरले—

हाताला धरून काठापर्यंत ओढली. बोर. तिची बोटं गार. चिंधी धरवली, गाठ मारली तिनं. राहिली गाठ! भिवराबाईंनी तिला बाहेर ओढली, रडण्याचा आवाज आला, "आली गं माझी बाय"—

मी दोन पावलं मागे होते. दोनच.

आता इथे नुसत्या बाभळी. बोर दिसत नाही. वही खिशात होती म्हणून लिहितेय. मोजत निघते. बासष्टच तर आहेत.

साठ. एकसष्ट. बासष्ट. बाभळी.

एकशे चाळीस. भिवराबाई हाक मारतायत, "म्याडम, हिकडं"— पुढून की मागून?

चारशे दहा. ओढणी काढून हातात धरलीय. बांधायची राहिली, घाईत राहिली. काठच्या बोरीलाच लागते. बोर हवी.

हजाराच्या पुढे. लाल मफलर दिसला. सगळे आहेत. पाठमोरे—

वळतायत.

काठ कुठे आहे, काठ—