सहापैकी तीन

तोआ पायो, सिंगापूर
चिनी नव्या वर्षाचा सोळावा दिवस

आदरणीय आको,

आपल्या घरात उद्या कोणी अंथरुणाला खिळलं, तर त्याचं कोण करणार? मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर आहे, तरी येत नाही. (आधी नमस्कार करायचा असतो, विसरले. नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या मुआरच्या घरातली मांजर व्याली का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, मी सोडून. कारण पुढे येईल.)

तुमच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या पांनी, म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा घ्यावा, असं मी ठरवलं होतं. माझी वर्गमैत्रीण श्यू मिन हे विमे विकते. तिने मला समजावलं आणि मला लगेच वाटलं की आता जगाला समजावणं हे माझं कर्तव्य आहे. गोष्ट सोपी आहे. अंघोळ, कपडे, जेवण, संडास, चालणं, पलंगावरून खुर्चीवर बसणं, या सहांपैकी तीन कामं स्वतःची स्वतःला जमेनाशी झाली, की विम्याचे पैसे दरमहा सुरू.

ही सोपी गोष्ट सांगायला मी वेळ निवडली वर्षाच्या पहिल्या जेवणाची. सगळे काका-काकू उभे राहून चॉपस्टिक्सने मासळीची कोशिंबीर उंच उडवत होते, “भरभराट! दीर्घायुष्य!” ओरडत होते. दीर्घायुष्याचा विषय निघालाच आहे, तर पुढचंही बोलून घ्यावं, असं मला वाटलं. सहा कामांच्या यादीत मी संडासापर्यंत पोचले तेव्हा कोशिंबीर हवेत थांबल्यासारखी झाली.

पा म्हणाले, “मला कशाला विमा? तुझी मा आहे की!” सगळे हसले. मासुद्धा हसली. (आजीचं शेवटपर्यंत तिनेच केलं, ते तुम्ही पाहिलंय.) मी म्हटलं, “आणि मा पडली तर?”

मा उठली, संडासातून कागदाचा गुंडाळा घेऊन आली आणि त्याने माझं तोंड खसाखसा पुसलं. लहान मूल सणाला अशुभ बोललं की पुसतात ना, म्हणजे त्याचे शब्द पादण्यासारखे धरायचे, तसं. मी चोवीस वर्षांची आहे, आको. पदवीदान समारंभाचा माझा फोटो समोरच्या भिंतीवरून बघत होता.

तरी मी शहाणी झाले नाही. एकट्या बाईला आडवा माणूस उचलणं किती कठीण, हे सिद्ध करायला दुसऱ्या दिवशी मी पांना पलंगावर झोपवलं. (ते आनंदाने झोपले. इतकं सहकार्य त्यांनी आयुष्यात कोणाला केलं नसेल.) व्हिडिओत दाखवतात तसे गुडघे वाकवून त्यांना उचललं आणि कमरेत कट्ट झालं. मुद्दा सिद्ध झाला. पा घाबरून आपले आपण उठले आणि त्यांच्या जागी मी आडवी झाले. पुढचे काही दिवस माने मला अंघोळ घातली, कपडे चढवले, पलंगावरून खुर्चीत बसवलं. केस पुसताना म्हणाली, “काय गं पदवीधर बाई, सहापैकी तीन झाली. कुठाय तुझा विमा?” मी हसले, पण हसताना कमरेत चमक आली. मला उचलताना तीही कण्हत होती, आणि ते लपवायला खोकत होती.

तब्येतीची काळजी घ्यावी.

तुमची,
काय चिंग

ता.क. खरं काम हे. आमच्या माला पंधरा दिवस तुमच्याकडे बोलवा. विश्रांतीसाठी ती कुठेच जाणार नाही, पण कोणाचं काही करायचं असलं तर आज निघेल. म्हणून तुमचा गुडघा फोनवर जरा जास्त दुखू द्या. ती आली की मात्र तो बरा व्हावा. इथे पा भात लावायला शिकतायत. पहिला भात इमारतीखालच्या मांजरांनीही खाल्ला नाही.

ता.क. दुसरा. विमा घेतला. पांचा नाही, माचा. सणाचे पंधरा दिवस संपेपर्यंत तिने विम्याच्या अर्जाला हात लावला नाही. आज सकाळी श्यू मिन घरी आली, सहाच्या सहा कामांबद्दल तिने माला एकेक करून विचारलं, माने नीट उत्तरं दिली, सही केली. मग गुंडाळा आणून श्यू मिनचं तोंड पुसलं.

ता.क. तिसरा. नंतर माने माझ्या हातात तो गुंडाळा देऊन स्वतःचं तोंड पुढे केलं. मी पुसलं.