थकलेलं भाडं

७ मार्च

भाडं पुन्हा थकलं. वरच्या खोलीतल्या घड्याळजींना जिन्यातूनच हाक मारली – "भाडं थकलंय हो!" तर वरून शांतपणे म्हणतात, "थकणारच, मालकीणबाई. कुठल्यातरी पायरीवर टेकलं असेल. येईल हळूहळू."

हसू दाबत आत आले. गावाची घड्याळं वेळेवर आणणारा माणूस, स्वतः मात्र एकाही महिन्यात वेळेवर नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

८ मार्च

दुपारी आडवी झाले. वर दुरुस्तीला आलेली कितीतरी घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. एक तीनचे ठोके देतं, ते संपतात न संपतात तोच दुसरं अकराचे सुरू करतं. सगळं छतातून झिरपत खाली येतं. डोळा लागला. स्वप्नात भाडं जिन्यात बसलेलं – मांडीवर छत्री, धाप लागलेली. मी त्याला पाणी दिलं. जाग आली तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळेना. उठूच नये असं वाटत होतं.

११ मार्च

घड्याळजी आले. भाडं टेबलावर ठेवलं, वर पाच तारखेनंतरचा दंडही. मग नेहमीसारखे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मी चहा टाकला.

म्हटलं, "दर महिन्याला दंड भरता. परवडतं?"

"सिनेमाचं तिकीट याहून महाग आहे," म्हणाले. आता याचा अर्थ काय लावायचा?

एका बाईंच्या घड्याळाबद्दल सांगत होते. मनगटावर असलं की चालतं, टेबलावर ठेवलं की थांबतं. दोष सापडत नाही म्हणे. ऐकता ऐकता अंधार पडला, दिवा लावायचंही राहिलं.

१५ मार्च

लेक आली. "आई, तो तुला गुंडाळतोय. दंड दुप्पट कर. पुन्हा उशीर झाला तर खोली सोडा म्हणावं. माझ्या ऑफिसातली एकजण जास्त भाडं द्यायला तयार आहे." जावई शेजारी बसून नंदीबैलासारखी मान हलवत होते.

तिचंही चूक नाही. छप्पर गळतंय. पैसा काय झाडाला लागतो?

वर जाऊन सांगून आले. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग न काढताच ऐकलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

१ एप्रिल

भाडं आलं. मोबाइलवर. मी दात घासत होते तेव्हा. माणूस नाही, नुसता टुण्‌ आवाज.

लेकीला कळवलं. "बघ, कसा सुतासारखा सरळ आला," म्हणाली.

६ एप्रिल

सवयीनं चहा दोन कप टाकला. दोन्ही मीच प्यायले. पित्त झालं.

१० एप्रिल

शेजारीण सांगत होती, घड्याळजी दुसरी खोली बघतायत.

इथे कोण वाचायला येतंय, खरं लिहून टाकते. मला त्यांचा उशीर हवा होता. उशीर झाला की ते खाली यायचे, बसायचे. आता जिन्यात "नमस्कार" करून बाजूनं निघून जातात. मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. खोलीला माणसं मिळतील ढीगभर. ती खुर्ची कोण भरून काढणार?

दुपारी झोप आली नाही. वरची घड्याळं आता सगळी एकदम ठोके देतात. चार म्हणजे चार. मग काहीच नाही.

१२ एप्रिल

जिन्यातून हाक मारली – "स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलंय. बघता का जरा?"

आले. घड्याळ भिंतीवरून उतरवलं, पाठ उघडली. आत सेलच नव्हता. तो माझ्या मुठीत होता.

घड्याळाकडे बघत राहिले, मग माझ्या मुठीकडे. झाकण लावलं आणि म्हणाले, "अवघड काम आहे. चार-दोन दिवसांनी येऊन बघत राहावं लागेल." खुर्ची ओढून बसले.

"उशीर झाला तर दंड लावा."