ओढ्यातलं घर

आनंददादा, जयभीम.

मिरचीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून धर्माबादला आलोय. इथं नुसत्या वासानं शिंका येतात, असो.

टपरीवर मोबाईलमधे तुझं परदेशातल्या कोर्टातलं बोलणं ऐकलं. त्या देशातल्या कारखान्यांच्या धुरानं आपला पाऊस बिघडला, पुरात माझी माय गेली, हे त्यांनी कबूल करावं म्हणून आपल्या वस्तीनं केस केली. आन् तू त्यांचाच वकील. म्हणालास, "घरच ओढ्यात बांधलं होतं. चूक बांधणाऱ्यांची."

चहावाला म्हणाला, "झकास बोलून राहिलाय. कोण हाय?"

"माहीत न्हाई," म्हणलं.

घर ओढ्यातच होतं, खरंय. तुझे मायबाप गेल्यावर तू तिथंच वाढलास. पण गावानं आपल्याला दुसरी जागाच दिली नव्हती, हे तू गिळलंस. ओढ्याला तव्हा पाणीच नसायचं, हेबी गिळलंस. माय वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं पाणी काढायची. पहिली वाटी तुला द्यायची, पोरक्या लेकराला आधी म्हणून.

पाकिटावर पत्ता लिहिलाय, पण तिकीट लावत न्हाई, धाडतबी न्हाई. तुझं उत्तरबी झकासच असंल.

दुसरी वाटी पिणारा,
धम्मानंद